सोलापूरहून किल्लारी: एका दिवसात होईल का?

होटगीरोडकर: रविवारी किल्लारीचा भूकंप स्मृतिस्तंभ बघायला जायचंय. सोबत वडील आणि आठवीतली मुलगी. रस्ता कुठला धरावा? नळदुर्गचा किल्ला त्यातच उरकेल का?

उमरगा_नाका: हैदराबाद रोड धरा. नळदुर्ग, जळकोट, येणेगूर करत उमरगा, तिथून डावीकडे लातूर रस्त्याने नारंगवाडीवरून किल्लारी. एका बाजूचे सव्वाशे किमी धरून चला. एसटीने गेलात तर उमरग्याला उतरून लातूरची गाडी, पण चढण्याआधी ती किल्लारीवरून जाते का ते वाहकाला विचारा.

बहुतेकांचा घोळ होतो तो पुढे. मॅपवर नुसतं 'किल्लारी' टाकलं की नव्या गावात पोचता. भूकंपानंतर गाव दुसऱ्या जागी वसवलं. स्तंभ जुन्या गावठाणावर आहे. चौकात 'जुनं किल्लारी' विचारा. आधी किल्लारी, नळदुर्ग परतीला. उलट केलं तर किल्ल्यातच दुपार जाते.

दगडमाती: मुलगी विचारणारच, 6.2 तीव्रतेच्या धक्क्यात एवढी माणसं कशी गेली? सरकारी आकडा 7,928 आहे, काही ठिकाणी 10 हजारांच्या घरात सांगतात. वेळ बघा: 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. आदल्या रात्री गणपती विसर्जन, सगळी गाढ झोपेत. केंद्रही जमिनीत फार खोल नव्हतं.

पण खरा घात घरांनी केला. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, बाहेरून-आतून दगडाचे दोन थर, मधे माती आणि चिपा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की थर सुटतात, एक आत, एक बाहेर. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढवत नेलेलं. ते सगळं वजन झोपलेल्यांवर. जुन्या गावठाणात एखादी अर्धी भिंत दिसली तर तिची तुटलेली कड बघा, दोन थरांमधली भर उघडी दिसते. मग नव्या गावात चक्कर मारा. सरळ रांगा, रुंद रस्ते. सुरक्षित आहे, पण वाड्या-गल्ल्यांची सवय असलेल्यांना ही मांडणी रुचली नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं.

उमरगा_नाका: भिंत लांबूनच बघा, चढू नका. बाभळी आणि गवत माजतं, साप-विंचू असतात. बंद बूट हवेत. पाऊस झाला असेल तर गाडी डांबरावरच ठेवा, काळ्या रानात चाक रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. वडिलांना स्तंभापाशीच बसवा.

सास्तूरकर: 30 सप्टेंबरला जात असाल तर सकाळी लवकर. पोलिसांची मानवंदना असते, गावोगावचे नातेवाईक येतात. त्या गर्दीत सेल्फी, डबे काढणं नको. कुणाला 'तुमच्या घरचे किती गेले' असं आपणहून विचारू नये, सांगायचं असेल तर लोक स्वतः सांगतात.

होटगीरोडकर: मग तुळजापूरवरून नको?

उमरगा_नाका: औशामार्गे जमतं, अंतर जवळपास तेवढंच. पण नळदुर्ग हुकेल. पावसाळ्यात बोरी नदीला पाणी असलं तर किल्ल्यातले नर-मादी धबधबे चालू असतात, म्हणून जाता-येता दोन्ही वेळा हैदराबाद रोडच ठेवा.