आईच्या सहा डब्या: व्हिटॅमिन रोजच्या गरजेपेक्षा जास्त झालं तर अपाय होतो का?

कुळागर
नमस्कार. आई ६४ वर्षांची, राहायला फोंड्याजवळ. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकत्र गोळी चालू आहे. मधुमेह नाही. त्याशिवाय जे पोटात जातं ते पाकिटं समोर ठेवून लिहिते आहे.

व्हिटॅमिन डी३ ची ६०,००० आययूची (आंतरराष्ट्रीय एककं) पुडी, दर रविवारी दुधातून, पाच महिने झाले. दुबईहून भावाने पाठवलेली डी३ ची कॅप्सूल, ५,००० आययू, रोज एक. कॅल्शियम ५०० ची गोळी दिवसातून दोनदा, प्रत्येकीत डी३ २५० आययू. मल्टिव्हिटॅमिन रोज एक, त्यात डी३ ४०० आययू. केस गळतात म्हणून बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. रात्री पायात पेटके येतात म्हणून व्हिटॅमिन ई ४००.

मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर काही घटकांपुढे रोजच्या गरजेच्या "४००%" असं छापलंय. हे धोक्याचं का? जास्तीचं लघवीतून निघून जातं असं सगळेच सांगतात. पुढच्या आठवड्यात थायरॉइड आणि डी३ ची तपासणी करायची आहे. हल्ली तिला बद्धकोष्ठ आहे आणि पाणी खूप पिते, पण उन्हाळा म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

औषधपेटी
ताई, आधी त्या ४००% बद्दल. डबीवरचा १०० टक्क्यांचा आकडा म्हणजे जवळजवळ सगळ्या निरोगी माणसांची गरज भागेल एवढं प्रमाण. ती मर्यादा नव्हे. मर्यादेचा आकडा वेगळा असतो आणि तो डबीवर बहुतेक वेळा छापलेला नसतो. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये गरजेचे आकडे सुधारले, त्यात वरची मर्यादाही दिली आहे.

गरज आणि मर्यादा यांच्यात किती अंतर आहे, सगळा प्रश्न तिथे आहे. बी१२ ची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि बाजारातली गोळी १,५०० मायक्रोग्रॅमची. आकडा ऐकून छाती दडपते, पण एका वेळी आतड्यातून नेहमीच्या वाटेने एक-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं, बाकीच्यातलं जेमतेम एक टक्का. बी१२ ला वरची मर्यादाच ठरवलेली नाही. याउलट व्हिटॅमिन ए: बाईमाणसाची गरज ८४० मायक्रोग्रॅम आणि मर्यादा ३,०००. तिथे ४००% म्हणजे मर्यादा ओलांडली. म्हणून टक्का बघू नका, कशाचा टक्का ते बघा.

आता आईच्या डी३ ची बेरीज. ६०,००० ला सातने भागलं की रोजचे साधारण ८,५७०. त्यात कॅप्सूलचे ५,०००, कॅल्शियमच्या दोन गोळ्यांचे ५०० आणि मल्टिव्हिटॅमिनचे ४००. झाले जवळपास १४,५०० आययू रोज. गरज ६००, मोठ्या माणसाची मर्यादा ४,०००. ६०,००० ची पुडी हा कमतरता भरून काढण्याचा कोर्स आहे. तो साधारण आठ आठवडे चालतो, मग महिन्याला एक पुडी किंवा रोज १,००० ते २,०००. चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा" लिहिलेलं असतं, कधी थांबायचं ते लिहिलेलं नसतं, आणि पुड्या काउंटरवर मिळत राहतात. नेमकी इथेच गफलत होते. याहून वाईट म्हणजे "एकदा" वाचून रोज एकदा घेणारे.

पुडी, कॅप्सूल दोन्ही आजपासून बंद करा. कॅल्शियमची गोळीही. डी३ एकदम बंद केल्याने काही बिघडत नाही, चरबीत साठा असतो. आणि तो साठाच इथे अडचणीचा आहे.

मांडवीकाठ
मी फिजिशियन आहे. औषधपेटी यांची बेरीज बरोबर आहे. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बीपीच्या गोळीतल्या दुसऱ्या घटकाची. हायड्रोक्लोरोथायझाइड मूत्रपिंडातून कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाही. डी३ आतड्यातून कॅल्शियम जास्त ओढतं, वरून रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम गोळीतूनच जातंय, आणि बाहेर पडायची वाट अर्धवट बंद. रक्तात कॅल्शियम चढलं की तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, जेवण नकोसं होणं, गळून जाणं, पुढे बोलण्यात विसंगती. तुम्ही लिहिलेली दोन लक्षणं या यादीत आहेत. उन्हाळाही असू शकेल, पण ते तपासल्याशिवाय म्हणू नका.

म्हणून पुढच्या आठवड्याची वाट नको. उद्या सकाळीच सीरम (रक्तातलं) कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला), सोडियम आणि पोटॅशियम. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावं. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा खोटा कमी दिसतो, म्हणून ते बरोबर करायचं. १०.५ च्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १२ च्या वर आणि उलट्या किंवा भ्रम असेल तर घरी बसू नका, सरळ तातडीच्या विभागात न्या, तुम्हाला बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जवळचं मोठं इस्पितळ. तिथे सलाईन देऊन कॅल्शियम उतरवतात.

बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना ही सगळी यादी दाखवून बदलून घ्या. आणि पेटक्यांचं म्हणाल तर हायड्रोक्लोरोथायझाइडने सोडियम-पोटॅशियम उतरूनही पेटके येतात, म्हणून वरच्या तपासणीत ते दोन सांगितले. व्हिटॅमिन ई चा पेटक्यांवर उपयोग होतो याला धड पुरावा नाही. ४०० मिलिग्रॅम मर्यादेत (१,०००) बसतं, पण ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन घेणाऱ्याला रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता बायोटिन. हा भाग नीट वाचा. बऱ्याच लॅबची यंत्रं तपासणीत बायोटिनचीच चिकटण्याची पद्धत वापरतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच खोटा कमी येतो आणि फ्री टी४ खोटा जास्त. कागदावर हुबेहूब थायरॉइड वाढल्याचं चित्र उभं राहतं आणि नसलेल्या आजाराची औषधं सुरू होतात. हृदयविकारात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियंत्रण संस्थेने) याबद्दल २०१७ मध्ये इशारा दिला होता. काही पद्धतींत डी३ चा आकडाही खोटा जास्त येतो. त्यामुळे थायरॉइड आणि डी३ साठी बायोटिन निदान तीन दिवस बंद ठेवून मगच रक्त द्या, आणि लॅबला सांगा. कॅल्शियम आणि क्रिएटिनिनची पद्धत वेगळी, त्यावर बायोटिनचा परिणाम नाही. म्हणून ते उद्याच.

कुळागर
धन्यवाद डॉक्टर. पुडी, कॅप्सूल, कॅल्शियम, बायोटिन आत्ताच बाजूला काढलं. उद्या सकाळी लॅब. एक शंका: गोव्यात एवढं ऊन, रोज घरी बांगडे-तारले. त्यानेही डी वाढलं असेल का?

आहारतक्ता
उन्हाने डी३ विषारी पातळीला जात नाही. त्वचेत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त तयार व्हायला लागलं की तेच ऊन ते मोडून निरुपयोगी पदार्थ करतं. बांगडे-तारलेही बिनधास्त खाऊ द्या, रोज खाल्ले तरी काही शे आययूच्या पलीकडे फारसं जात नाही.

माशाच्या बाबतीत जपायचं ते काळजाला (यकृताला) आणि काळजाच्या तेलाला. मोरी (शार्क) माशाच्या काळजाचं तेल, कॉड लिव्हर ऑइल यांत ए आणि डी दोन्ही भरपूर. कॉड लिव्हर ऑइलच्या एका चहाच्या चमच्यात ए साधारण १,३५० मायक्रोग्रॅम. दोन चमचे आणि वर मल्टिव्हिटॅमिन, की ३,००० ओलांडलंच. ओमेगा-३ चं साधं फिश ऑइल माशाच्या अंगातल्या चरबीचं असतं, त्यात ए-डी नगण्य. दोन्ही डब्यांवर माशाचंच चित्र असतं, म्हणून आतलं लेबल वाचायचं. ए आययूमध्ये लिहिलं असेल तर रेटिनॉलसाठी (प्राण्यांतून मिळणारं तयार ए) ०.३ ने गुणा, मायक्रोग्रॅम मिळतील. डी असेल तर ४० ने भागा. आपल्याकडच्या काही मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत एकाच गोळीत ए १०,००० आययू असतं, म्हणजे तिथल्या तिथे ३,००० मायक्रोग्रॅम. आईच्या डबीवर तेवढं बघा.

गाजर, लाल भोपळा, पपई यांतलं ए वेगळं. शरीर ते लागेल तेवढंच बदलून घेतं, फार झालं तर तळहात पिवळे होतात आणि खाणं कमी केल्यावर उतरतात. पण तेच बीटा-कॅरोटीन गोळीतून मोठ्या प्रमाणात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना देऊ नये. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम दिलं होतं, १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला.

"लघवीतून निघून जातं" हे बी आणि सी गटाबद्दल अर्धंच खरं. बी-कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीधमक होते ती बी२ मुळे, ते खरंच निघून जातं. बी६ चं तसं नाही. जास्त मात्रा महिनोन्‌महिने घेतली तर नसा बिघडतात: पायाच्या बोटांपासून मुंग्या, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणं. आणि मुंग्या येतात म्हणून माणूस आणखी नसांची गोळी घेतो, तिच्यात पुन्हा बी६! अमेरिकेत मर्यादा १०० मिलिग्रॅम, युरोपने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. टीबीच्या औषधांबरोबर बी६ देतात ते डॉक्टरांच्या हिशोबाने, ते बंद करू नये. सी ची मर्यादा २,००० मिलिग्रॅम. त्यापुढे जुलाब, आणि मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर ऑक्झलेटचे खडे. फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी१२ तपासलेलं असावं. रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी१२ च्या अभावाने नसा आतून खराब होत राहतात. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे जास्त, कारण त्याने बी१२ उतरतं.

साळावली
विषय निघालाच आहे तर विचारते. वहिनीला तिसरा महिना आहे आणि सासूबाई शक्ती येईल म्हणून कलेजी करून घालतात. चालेल?

मांडवीकाठ
पहिल्या तीन महिन्यांत तर नकोच. कलेजीच्या १०० ग्रॅममध्ये रेटिनॉल ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर सहज जातं आणि जास्त रेटिनॉलने गर्भात व्यंग होऊ शकतं. एखाद्या वेळी खाल्ली असेल तर घाबरू नका, नेहमीची सवय नको. लोहासाठी आरोग्यकेंद्रातली लोह-फॉलिकची गोळी आहे. कॉड लिव्हर ऑइल नको, ए जास्त असलेलं मल्टिव्हिटॅमिनही नको. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन गोळी ए च्याच कुळातली, गरोदरपणात ती पूर्ण वर्ज्य.

औषधपेटी
साळावली ताई, बाळ झाल्यावर लागेल म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. बाळाला डी३ रोज ४०० आययू. थेंबांच्या बाटल्या ४०० आययू प्रति मिलिलिटर आणि ८०० आययू प्रति मिलिलिटर अशा दोन्ही मिळतात. पहिलीचं १ मिलिलिटर, दुसरीचं अर्धं. बाटली बदलली की ड्रॉपरवरची खूण पुन्हा तपासायची, जुन्या सवयीने भरायचं नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाची मर्यादा १,००० आययू आहे. आणि मोठ्यांची ५ मिलिलिटरची ६०,००० आययूची छोटी बाटली त्याच कपाटात ठेवू नका. ती दिसायला बाळाच्या औषधासारखीच असते आणि आतलं सगळं बाळाच्या पाच महिन्यांच्या डोसएवढं.

कुळागर
मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर ए ५,००० आययू आहे, म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. ती डबीही कॅल्शियम कळेपर्यंत बाजूला ठेवली, कारण तिच्यातही कॅल्शियम आणि डी आहे. उद्या चिठ्ठीसोबत सहाही पाकिटं पिशवीत घालून नेते.

मांडवीकाठ
पाकिटं न्याच, यादीपेक्षा पाकीट बरं. आणि डी३ बंद केल्यावर ते निम्म्यावर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात. उद्याचं कॅल्शियम थोडं वाढलेलं आलं, तर एकदा बरं वाटलं म्हणून सोडू नका. आठवड्याने पुन्हा तपासा, मग दोन आठवड्यांनी.