अ‍ॅश मेडोजच्या झऱ्यांतल्या गोगलगायी: पिर्गुलॉप्सिस की ट्रायोनिया?

शंखशिंपले: अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातल्या अ‍ॅश मेडोजचे जुने नमुने तपासतोय. शंख जेमतेम 2-3 मिमी. दोन्ही प्रजाती वेगळ्या कशा ओळखायच्या? आणि झऱ्याच्या उगमाशी गर्दी, खाली शुकशुकाट, असं का?

गोडंपाणी: नुसत्या शंखावर विसंबू नका. ट्रायोनियाचा शंख बहुधा उंच, निमुळता असतो, पण फसवतो. शंख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून मादी उघडा. आत शंखासकट पिल्लं दिसली तर ट्रायोनिया. पिर्गुलॉप्सिस अंडी घालते, दगडावर एकेक चिकटवून. नर असेल तर मानेवरचं शिश्न बघा: ट्रायोनियात बोंडासारखे उंचवटे, पिर्गुलॉप्सिसमध्ये खंड आणि ग्रंथींचे पट्टे. जीव आकसलेला असेल तर यातलं काहीच धड दिसत नाही. म्हणून ताज्या नमुन्यांवर आधी मेंथॉलचे खडे टाकून रात्रभर सैल करतात, मग ऊती टिकवायला फॉर्मॅलिन, शेवटी 70% अल्कोहोल. मेंथॉलमध्ये जास्त वेळ ठेवलं तर ऊती सडतात. आम्लधर्मी फॉर्मॅलिन शंख खातं. डीएनएसाठीचे नमुने थेट 95% अल्कोहोलमध्ये, फॉर्मॅलिनला शिवायचं नाही.

कल्ला: उगमाशी तापमान आणि क्षार वर्षभर जवळपास स्थिर असतात, खाली चढउतार. श्वास कल्ल्यांनी, शिवाय पोहणारी अळीअवस्था नाही, त्यामुळे कोरडं वाळवंट ओलांडणं जवळजवळ अशक्य. कित्येक जाती एकाच झऱ्यापुरत्या. भूजल उपसलं की जातच संपते.

गोडंपाणी: आणि लांबोडका, तपकिरी ठिपक्यांचा शंख दिसला तर ती मेलॅनॉइड्स, आपल्या मत्स्यटाक्यांतली. तिकडे ती उपरी आहे.