अन-नज्जाम: अस्सल तत्त्वज्ञ की नुसता वादपटू?

पाटीपेन्सिल
बसऱ्याचा मुताझिली (तर्कावर भर देणाऱ्या इस्लामी पंथाचा) विचारवंत इब्राहीम अन-नज्जाम (मृत्यू इ.स. ८३५ ते ८४५ दरम्यान) म्हणजे अबुल हुधैलचा शिष्य आणि अल-जाहिजचा गुरू. सुरुवातीच्या कलामात (इस्लामी धर्मतर्कात) इतक्या स्वतंत्र डोक्याचा दुसरा माणूस मला दिसत नाही. गुरू म्हणायचा, वस्तू अविभाज्य कणांच्या बनतात. हा म्हणाला, कुठलाही तुकडा पुन्हा अर्धा होतोच, त्याला अंत नाही.

खडूस वाचक
आणि तिथेच फसला! दगडावरची मुंगी मग अनंत तुकडे ठरावीक वेळात कशी ओलांडते? तर म्हणे 'तफ्रा', म्हणजे उडी: काही अंतर चालून, काही मधल्या जागेला न शिवता. ही शुद्ध पळवाट आहे.

त्याचा विहिरीचा दाखला घ्या. विहीर १०० हात खोल, मध्यावर आडवी तुळई. तुळईला ५० हातांचा दोर, त्याच्या टोकाला तळाशी पोहरा. आता वरून ५० हातांचा दुसरा दोर सोडायचा, त्याचा आकडा पहिल्या दोरात तुळईपाशी अडकवायचा आणि ओढायचं. आकडा ५० हात चढतो तोवर पोहरा १०० हात वर. नज्जामच्या मते जादाचं अंतर उडीने कापलं गेलं. पंथांच्या मतांवर लिहिणाऱ्या शहरस्तानीने बाराव्या शतकात हे खोडलं: फरक फक्त वेगाचा. आकडा म्हणजे सरकती कप्पी हो! पोहरा दुप्पट वेगाने येतो आणि, घर्षण सोडलं तरी, ओढणाऱ्याला भारही दुप्पट पडतो. यात उडी कुठे आली?

रहाटगाडगं
कप्पीचा हिशोब मान्य. पण समोरच्यांची, म्हणजे अविभाज्य कण मानणाऱ्या कणवाद्यांची, अडचण तुम्ही सोयीस्कर गाळलीत. जात्याची कड एका फेऱ्यात आसाजवळच्या भागापेक्षा कितीतरी जास्त अंतर कापते. कणवादी म्हणत, हळू चालणारं मध्येमध्ये थांबतं. आतला भाग थांबला आणि कड चालू राहिली, तर दगड फुटायला नको? काही कणवाद्यांनी तेही कबूल केलं: फिरताना दगडाचे कण एकमेकांपासून सुटतात म्हणे. त्यापुढे उडी बरीच सभ्य.

पाटीपेन्सिल
शिवाय नज्जामची स्वतःची पुस्तकं हरवली, त्याची मतं दुसऱ्यांकडूनच कळतात. आधी धर्मपंडित अल-अशअरीचं 'मकालात' (पंथोपंथांच्या मतांचा संग्रह) वाचावं, तो मतं बऱ्यापैकी सरळ मांडतो. मग जाहिजचं 'किताब अल-हयवान' (प्राण्यांचं पुस्तक). लाकडात आग, धूर, पाणी, राख आधीपासून दडलेली असतात हा 'कुमून'चा सिद्धांत तिथे तपशिलात आहे. विरोधी धर्मपंडित अल-बगदादी (मृत्यू १०३७) सर्वात शेवटी. तो नज्जामला काफिर ठरवायलाच बसलाय. लोक नेमके त्याच्यापासून सुरुवात करतात आणि आरोपालाच सिद्धांत समजतात.

खडूस वाचक
बगदादी राहू द्या, जाहिजच घ्या. एरवी गुरूचं कौतुक करणारा हा शिष्य त्याच 'हयवान'मध्ये लिहितो, की नज्जामचं अनुमान उत्तम, पण ते तो मनात सहज आलेल्या, भरवशाच्या नसलेल्या कल्पनेवर उभारायचा. अनुमान घासूनपुसून घेण्याऐवजी पाया तपासला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. विहिरीत नेमकं हेच झालं.