मदत हवी आहे: उबुंटू २२.०४ (लिनक्स प्रणाली) वर लिबसी६ (जवळपास सर्व प्रोग्राम ज्यावर चालतात ती मूळ सी लायब्ररी) पुढच्या आवृत्तीवर गेले
ठाण्यातील आमच्या वाचनालयाच्या संगणकावर उबुंटू २२.०४ असून, बारकोड प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी मी उबुंटू २४.०४ च्या रिपॉझिटरीची (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्याची) ओळ जोडल्याने (चूक माझीच) लिबसी६ २.३५ वरून २.३९ वर गेले. ती ओळ काढून ॲप्ट (पॅकेजेस बसवणारे साधन) अपडेट केले; पण लिबसी६-डेव्हला (प्रोग्राम बिल्ड करण्यासाठी लागणाऱ्या लिबसी६ च्या फायलींना) नेमके २.३५ च हवे असल्यामुळे बिल्ड-इसेन्शियल (कम्पायलर वगैरे साधनांचा संच) इन्स्टॉल होत नाही आणि ‘अनमेट डिपेन्डन्सीज’ (लागणारी इतर पॅकेजेस जुळत नाहीत) हाच संदेश येतो. ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ व ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून झाले, होल्डवर (आवृत्ती बदलू नये म्हणून रोखून ठेवलेले) एकही पॅकेज नाही. नोंदींचा बॅकअप आहे, मात्र पुस्तकांची देवघेव रोज चालत असल्याने नव्याने इन्स्टॉल करणे तूर्त शक्य नाही. पिन-प्रायॉरिटी १००१ (ॲप्टला जुनी आवृत्तीही बसवू देणारे प्राधान्य) ठेवून लिबसी६ मागे आणायचे झाल्यास, २४.०४ मधून आलेली इतर पॅकेजेस आधी मागे आणावी लागतील, की सर्व एकाच आदेशात घ्यावीत?