कोयनेच्या काठाकाठानं: महाबळेश्वर ते चिपळूण, तुमचे अनुभव लिहा

पावसाळा सरला की "शनिवार-रविवार कुठं जाऊ?" हा प्रश्न येतोच, आणि उत्तरात तेच ते पॉइंट. या वेळी एकच नदी धरू या. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, साधारण ६५ किलोमीटर दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. मधल्या बऱ्याच भागात आता नदी नाही, कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. रस्ता काही तिच्या कडेकडेनं सलग जात नाही. कोणता टप्पा केलात, कोणत्या महिन्यात, काय पाहिलंत ते लिहा. हॉटेलांची नावं नकोत.

सुरुवात मीच करतो. वेण्णा तलावावरची घोडे-मक्याची गर्दी मागे टाकून तापोळ्याच्या रस्त्याला लागलं की घाट उतरायला लागतो. हिवाळ्यात कडेनं स्ट्रॉबेरीचे वाफे. पाणी एकदम दिसत नाही, वळणावळणाला तुकड्यानं दिसतं. तापोळ्याला मात्र मी देखाव्यापेक्षा गाड्या-माणसं पलीकडे नेणारा तराफाच बघत बसलो. फळी खाली आली, आधी जीप उलटी चढवली, मग उरलेल्या फटींत दुचाक्या. सिमेंटची पोती, गॅसची टाकी, पिशवीतून मान बाहेर काढलेली कोंबडी. आम्ही मोबाईल काढून उभे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाळा, जरा सरक, मला बँकेत जायचंय."

आजोळ जावळी

तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणा, आमची हरकत नाही. पण त्या पाण्याखाली माझ्या आईच्या आजोबांची भातखाचरं आहेत. धरण झालं तेव्हा कुणी रायगडकडे गेलं, कुणी सोलापूरकडे, काही डोंगरात वर सरकून तिथंच राहिले. पुढच्या पिढीतले बरेचजण मुंबईत माथाडी कामाला. म्हणून काठाच्या गावांत एरवी कुलपं दिसतात आणि मे महिन्यात, यात्रेला, दारात गाड्या लावायला जागा नसते. त्याच दिवसांत पाणी उतरतं. मामा चालत नेऊन दाखवतो: हे देवळाचं जोतं, ही विहीर, इथून बैलगाडीची वाट होती. पायाखाली भेगाळलेला गाळ, मधेच खापराचे तुकडे. तुम्ही मे महिन्यात आलात तर "तलाव आटलाय" म्हणून नाक मुरडू नका, कुणाला तरी सोबत घेऊन खाली उतरा.

बुलेट, सातारा

कास फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी टाळाच. २०१२ला जागतिक वारशात नाव लागलं तेव्हापासून पठारावर फुलं कमी नि डोकी जास्त. मधल्या वारी सकाळी लवकर निघा. सातारकर म्हणून एक आगाऊ सूचना: कास तलावाचं पाणी आम्ही पितो, त्यात पाय, गाडी, डबे काहीही धुऊ नका. खरी मजा पुढं, कासवरून बामणोलीला उतरताना. रस्ता अरुंद, झाडी दाट, धुकं असलं तर पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच आधार. संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. हॉर्न वाजवू नका, लाईट मारू नका, थांबा. त्यांना काही घाई नसते.

आई-बाबांसोबत

वासोटा किल्ल्याला जाणारी मंडळी बामणोलीहून सकाळी लाँचनं निघाली, आम्ही गुडघेदुखीवाले काठावर. (वासोटा पावसाळ्यात बंद असतो, एरवीही वनखात्याची परवानगी लागते आणि त्याच दिवशी परतावं लागतं.) आम्ही दुसरी छोटी फेरी घेतली, सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला मिळतात त्या बाजूला. नावाड्यानं मधेच इंजिन बंद केलं तेव्हा बाबा पहिल्यांदा गप्प झाले. परत आल्यावर पिठलं, भाकरी, खर्डा. स्वच्छतागृहाची सोय मात्र यथातथाच, बायकांनी ते धरूनच निघावं.

वाशिष्ठीकाठ

तुम्ही सगळे वरच्या अंगानं लिहिताय, आता खालून बघा. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलात की पायथ्याशी पोफळी गाव. शिवसागरचं पाणी डोंगर पोखरून इथं खाली आणलंय. वीज झाली की ते आमच्या वाशिष्ठी नदीत येतं. म्हणजे पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या नदीचं बरंचसं पाणी चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळतं. १९९९ साली याच जलाशयाला तळातून भोक पाडून, म्हणजे लेक टॅपिंग करून, कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतलं. माझ्या काकांच्या गप्पांत अजून तोच विषय असतो, दुसरा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप. घाटाबद्दल: जुलैत हौसेनं येऊ नका. धबधबे बघायला थांबलेल्या गाड्या आणि समोरून धुक्यातून उगवणारे ट्रक, दोन्ही एकाच वळणावर. ऑक्टोबरात या, ओझर्डे धबधब्याला तेव्हाही पाणी असतं.

नवखी

लहान गाडी आहे, घाटाची फार सवय नाही. दोन दिवसांत सगळं होईल?

याचं उत्तर मीच देतो, सुरुवात करणारा: नाही होणार. सातारा–कास–बामणोली एक दिवस, मुक्काम तिथंच. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला परत येऊन कराड-पाटणवरून कोयनानगर, नेहरू उद्यानातून धरण बघा आणि माघारी फिरा. तापोळा पुढच्या खेपेला. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या आणि नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, कासनंतर रेंजचा भरवसा नाही.