म्हशींना लस वेळेवर, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना का नाही?

तासगावचा बागायतदार
गोठ्यातल्या म्हशींना लाळ-खुरकताची लस आम्ही वर्षातून दोनदा टोचून घेतो. आबांना एकही दिली नव्हती. मार्चमध्ये त्यांना नागीण उठली, डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत. पहिले चार दिवस गेरू लावण्यात गेले. फोड सुकून तीन महिने झाले, ठणका मात्र तसाच. सदऱ्याचं कापड लागलं तरी कळवळतात, उघड्या अंगानं ओसरीवर बसून असतात. यावरची लस आपल्याकडे २०२३ पासून मिळते, पन्नाशीनंतर घ्यायची, दोन डोस. मला कळलं ते उशिरा. साठीपुढच्या माणसांना फ्लू, न्यूमोनिया आणि नागिणीची लस द्यायलाच हवी.

कवठेमहांकाळ
दादा, म्हशींची लस सरकार फुकट देतं. लहान पोरांचीही. म्हाताऱ्यांची मात्र पदरच्या पैशानं, आणि नागिणीचे दोन डोस म्हणजे हजारोंचा खर्च. आमच्या घरी दोघांच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांनाच महिना पुरत नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणा, मग ‘द्यायलाच हवी’ म्हणा.

विट्याची सून
पैसे असूनही मी देणार नाही. सासूबाईंनी फ्लूची लस घेतली आणि त्याच पावसाळ्यात आठ दिवस तापानं झोपून होत्या. मग उपयोग काय?

मिरजेची सिस्टर
वहिनी, पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे खरं. पण अ‍ॅडमिट व्हायची, ऑक्सिजन लावायची वेळ कमी येते. विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यायची.
आणि नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो, ही भीती आधी काढा. कांजिण्या होऊन गेल्या तरी तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वय झालं की त्यातल्या एखाद्या मज्जातंतूतून वर येतो, म्हणून पट्टा बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला असतो. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्या तर चांगला फायदा होतो. गेरूत नेमके तेच तास जातात.

कवठेमहांकाळ
गेरूचं पटलं. पैशाचं माझं म्हणणं तिथंच आहे.

तासगावचा बागायतदार
ताई, ते चुकीचं नाहीच. फुकट मिळावी असं मलाही वाटतं, पण आबांचा ठणका बघून थांबवत नाही. बेदाण्याच्या विक्रीचे पैसे आले की देणार. सिस्टर, एकदा होऊन गेल्यावर चालते का?

मिरजेची सिस्टर
चालते. फोड पूर्ण बरे झाल्यावर, डॉक्टरांना दाखवून.

तासगावचा बागायतदार
आबांना सांगितलं. म्हणाले, आधी तुझ्या आईला दे.