वायकिकीच्या रिसॉर्टमधलं साधं रेस्टॉरंट: सहा जण, तीन शाकाहारी. काय मागवायचं?

मृण्मयी_वडोदरा
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही सहा जण अमेरिकेतल्या हवाई बेटांवर, होनोलुलूला असू, वायकिकीच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये. एक संध्याकाळ तिथल्याच उघड्या, समुद्राकडे तोंड असलेल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचंय. मेनूत पोके, लोको मोको, कालुआ पोर्क, फिश टाको, बर्गर, फ्राइड राइस आणि सॅलड आहेत. नवरा आणि दीर मासे खातात. मी आणि जाऊबाई शाकाहारी, अंडं चालतं. सासूबाईंना अंडं चालत नाही, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूण बंद. मुलगा आठ वर्षांचा, त्याला काजू-बदामासारख्या सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी. टेबल किती वाजताचं घ्यावं? आणि बिल-टिपचा हिशेब कसा असतो?

दांडियाबाजारकर
मृण्मयीताई, आधी खाण्याचं बघू, कारण फसायला होतं ते तिथेच.

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका. तिथे त्यात अंडं बसतं, आणि मासे चालत असतील असंही काही जण धरून चालतात. सरळ म्हणा: ‘नो मीट, नो फिश, नो एग, मिल्क इज ओके.’ हेच टेबल बुक करताना शेऱ्याच्या रकान्यात लिहा आणि ऑर्डर देताना पुन्हा सांगा.

आता मेनू. फ्राइड राइस निरुपद्रवी वाटतो, पण हवाईत त्यात बहुतेक स्पॅमचे (म्हणजे डबाबंद डुकराच्या मांसाचे) किंवा पोर्तुगीज सॉसेजचे बारीक तुकडे असतात आणि वर अंडं. मॅकरोनी सॅलड मेयोनीजचं, म्हणजे अंडं आलंच. साईमिन दिसायला साधे नूडल्स, पण त्याचं पाणी सुक्या माशांचं किंवा कोळंबीचं. भातावर काळे-पांढरे कण भुरभुरलेले असले तर ते फुरिकाके: तीळ, समुद्री शेवाळ आणि बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा. सीझर ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा. थाई पद्धतीची करी असेल तर फिश सॉस. व्हेज बर्गरचा ब्रिओश पाव अंड्याचा असतो, आणि टिक्की बीफच्याच तव्यावर भाजली जाऊ शकते. फ्राइजचं तेल वेगळं आहे का, हे विचारायलाच हवं. कोळंबी आणि मासे त्याच कढईत तळत असतील तर सासूबाईंना ते चालणार नाही.

सासूबाईंच्या ताटासाठी एकेक वस्तू सुटी मागा: साधा वाफेचा भात (तो चिकटच असतो, जास्त शिजून बिघडलेला नसतो), जांभळं रताळं मिळालं तर ते उकडलेलं, अ‍ॅव्होकाडो, अननस, मीठ-मिरपूड लावलेला टोफू, आणि ‘नो सॉस, नो गार्लिक बटर’. तयार सॉस आणि मॅरिनेडमध्ये लसूण-कांदा आधीच मुरलेला असतो, स्वयंपाकी तो ऐनवेळी काढू शकत नाही. म्हणून ‘लसूण घालू नका’ म्हणण्यापेक्षा ‘सॉसच नको’ म्हणणं सोपं. गोडात हाउपिया मागा: नारळाचं दूध, साखर आणि कॉर्नफ्लोर, आपल्या वडीसारखे चौकोनी तुकडे, एरवी अंडं नाही, जिलेटिन नाही.

मुलाच्या बाबतीत मॅकाडेमिया हे नाव लक्षात ठेवा, तोही सुकामेवाच. माशावर चुरा म्हणून, पेस्टोत, कुकीत, आइस्क्रीमवर, तिथे तो कुठेही भेटतो. पोकेत इनामोना घालतात, म्हणजे भाजलेल्या कुकुईच्या बियांचा कूट. वडिलांच्या ताटातला घास त्याला देऊ नका. ‘ट्री नट अ‍ॅलर्जी’ हे शब्द ऑर्डरच्या आधी, अगदी पहिल्यांदा सांगा. मुलांच्या मेनूला तिथे ‘केइकी मेनू’ म्हणतात.

मासे खाणाऱ्यांसाठी: आही म्हणजे ट्यूना, ओनो हा सुरमईच्याच कुळातला, आणि माहीमाही हा मासाच आहे, इंग्रजीत त्याला डॉल्फिनफिश म्हणतात म्हणून बिचकू नका. पोके कच्च्या माशाचं असतं, हे दिरांना आधीच सांगून ठेवा. लोको मोको १९४९ च्या सुमारास हिलो गावात सुरू झालं: भात, बीफची टिक्की, तळलेलं अंडं, वर तपकिरी ग्रेव्ही. म्हणजे बीफ टाळत असाल तर ते नाही.

निशिगंध_इंदूर
बिलाचं मी सांगते. मेनूवरचे भाव करापूर्वीचे असतात. हवाईत जनरल एक्साइज टॅक्स लागतो; होनोलुलूत तो बिलावर साधारण ४.७१२ टक्के दिसतो. टिप १८ ते २० टक्के, आणि ती कर धरण्याआधीच्या रकमेवर. समजा खाणं १५० डॉलर: कर ७.०७, १८ टक्के टिप २७, एकूण १८४.०७.

तुम्ही सहा जण, म्हणून खास जपा. सहा किंवा त्याहून जास्त लोकांच्या टेबलाला बरीच रेस्टॉरंट्स टिप आपणहून जोडतात, ‘ग्रॅच्युइटी’ किंवा ‘सर्व्हिस चार्ज’ या नावाने. तरीही खाली टिपची रिकामी ओळ छापलेली असतेच. वरच्या ओळी न वाचता सही केली की दोनदा टिप जाते. आधीच जोडलेली असेल तर त्या ओळीत शून्य लिहा किंवा आडवी रेघ मारा.

भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या. मशीनने ‘रुपये की डॉलर’ विचारलं तर डॉलर निवडा. रुपयांत त्यांचा दर महाग पडतो. बिल खोलीच्या नावावर टाकलंत तरी टिपची ओळ तिथेच भरायची असते. गाडी असेल तर पार्किंगची पावती ‘व्हॅलिडेट’ होते का, म्हणजे रेस्टॉरंटच्या शिक्क्यावर पार्किंग फुकट किंवा सवलतीत मिळतं का, तेही विचारा.

खारीवाव_वाचक
वेळ: नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्यास्त संध्याकाळी ५.५० च्या आसपास असतो आणि त्या दिवसांत वायकिकीहून सूर्य समुद्रातच बुडताना दिसतो. संधिप्रकाश फार टिकत नाही. म्हणून ५ चं टेबल घ्या, ६.३० चं घेतलंत तर अंधारात जेवाल. ‘छताखालचं’ म्हणून मागा, कारण सर अचानक येते आणि पाच मिनिटांत जाते. वारा सतत असतो, सासूबाईंना शाल घ्या. पाखरं थेट ताटाशी येतात, त्यांना दाणा टाकू नका.

मृण्मयी_वडोदरा
खूप आभार! एक राहिलं. मेनूत ‘लाउलाउ’ आहे, अळूच्या पानातलं असं लिहिलंय. आपल्या पात्र्यासारखं सासूबाईंना चालेल का?

दांडियाबाजारकर
नाही ताई. पान अळूचंच, पण आत डुकराचं मांस आणि बहुतेक खारवलेला बटरफिश, सगळं एकत्र तासन्‌तास वाफवलेलं. बाहेरचं गुंडाळलेलं हिरवं पान ‘टी’ नावाच्या झाडाचं (चहाचं नव्हे), ते खायचं नसतं. अळूची खाज आपण चिंचेने घालवतो, ते बराच वेळ शिजवून घालवतात. अर्धवट शिजलं तर घसा तसाच खवखवतो.

अळूचंच हवं असेल तर पोई मिळते का विचारा. अळकुडी शिजवून, कुटून, पाणी घालून केलेली जांभळट लापशी, त्यात दुसरं काही नसतं. ताजी असली तर गोडसर, दोन-तीन दिवसांची असली तर आंबूस. ‘फ्रेश’ म्हणून मागा. नुसती मिळमिळीत लागते, वर चिमूटभर मीठ घालून भातासोबत द्या.